उन्हाळ्यात न लागणारा दिवा : नागपूरमधील एका घरातील मोशन सेन्सरचे प्रकरण

नागपूरच्या दक्षिण भागातील हे घर बैठे आहे. वर मजला नाही, उघडी गच्ची आहे, आणि घराच्या मधून जाणाऱ्या पॅसेजची एक लांब भिंत पश्चिमेला उघड्यावर येते. घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि शाळकरी नातू राहतात. आजींना रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते. त्यांच्या खोलीच्या दारापासून बाथरूमपर्यंत सुमारे पाच मीटरचा पॅसेज आहे. पण पॅसेजच्या दिव्याचे बटण हॉलमधल्या बोर्डावर असल्यामुळे, दिवा लावायचा तर आजींना आधी अंधारात हॉलपर्यंत जाऊन मग परत वळावे लागे. साहजिकच त्या दिवा न लावताच भिंतीला हात लावत चालत असत. एकदा त्यांचा पाय पॅसेजमधल्या चपलांच्या स्टँडला अडकला, आणि त्यानंतर मुलाने दिवाळीपूर्वी पॅसेज, बाथरूम आणि फाटकाजवळचा पोर्च अशा तीन ठिकाणी मोशन सेन्सर बसवून घेतले.

हिवाळाभर सारे सुरळीत चालले. एप्रिल सरता सरता तक्रारी सुरू झाल्या आणि मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या, म्हणजे महिनाअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, परिस्थिती अशी झाली की आजी पॅसेजमधून पूर्ण चालत गेल्या तरी दिवा लागत नसे, आणि कोणीही उठलेले नसताना मात्र तो मध्यरात्री आपोआप लागत असे. घरच्यांनी सेन्सर बिघडला असे समजून दुसऱ्या बनावटीचा आणला. त्यानेही तेच केले. मुलाने एका दुपारी, सेन्सरवरचा उजेडाचा नॉब दिवसाही काम करील असा फिरवून, स्वतः चालून पाहिले, तेव्हा दिवा लागला. त्यामुळे सेन्सर दुपारी चांगला आणि रात्री बिघडलेला, असा चमत्कारिक निष्कर्ष निघाला. या टप्प्यावर घर पाहण्यासाठी मला बोलावण्यात आले.

माझ्या मते या प्रकरणातील दोन्ही सेन्सर निर्दोष होते. ते माणूस ओळखत नाहीत, माणूस आणि त्याच्या मागची भिंत यांच्या तापमानातला फरक ओळखतात, आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या रात्री तो फरकच नाहीसा होतो. खोक्यावर छापलेला सात-आठ मीटरचा पल्ला या परिस्थितीत कामाचा नसतो.

सेन्सर नेमके काय मोजतो

घरात सर्रास वापरला जाणारा सेन्सर पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड प्रकारचा असतो. तो स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. समोरच्या वस्तूंकडून येणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण फक्त ग्रहण करतो. त्वचेच्या तापमानाला असलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या या किरणांचा जोर ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. सेन्सरच्या आतल्या स्फटिकाचे तापमान बदलले की त्यावर सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. या स्फटिकाचे दोन भाग एकमेकांच्या उलट जोडलेले असतात, त्यामुळे सगळी खोली हळूहळू तापली तर दोन्ही भागांचे संकेत एकमेकांना रद्द करतात. बाहेरून दिसणारी पांढरट, दुधी टोपी म्हणजे फ्रेनेल भिंग असते. ते पॉलिथिनचे असते, कारण साधी काच या तरंगलांबीचे किरण अडवते. हे भिंग समोरच्या जागेचे अनेक पट्टे पाडते, आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की स्फटिकाच्या एका भागावर आधी व दुसऱ्यावर नंतर ऊब पडून वर-खाली जाणारा संकेत उमटतो. त्या संकेताची उंची ठरावीक मर्यादा ओलांडते तेव्हाच दिवा लागतो.

यातून तीन अटी निघतात. माणूस आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानात फरक हवा. माणसाने पट्टे आडवे ओलांडले पाहिजेत. सेन्सरच्या दिशेने सरळ चालत आलेला माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो. आणि हालचालीला काही एक वेग हवा, कारण अतिशय मंद बदल हा खोलीच्या तापमानातला बदल समजून सेन्सरचे सर्किट तो गाळून टाकते. नागपूरच्या या घरात तिन्ही अटी एकाच वेळी मोडल्या गेल्या होत्या.

पहिली अट तपासण्यासाठी रात्री अकराच्या सुमारास इन्फ्रारेड थर्मामीटरने पृष्ठभागांची तापमाने घेतली. दिवसभर ऊन खाल्लेली पश्चिमेची भिंत ३५ ते ३६ अंश सेल्सिअसवर होती, वरचा स्लॅब त्याहून दोन अंश अधिक तापलेला होता, आणि आजींचा चेहरा, हात व अंगावरची सुती साडी हे सर्व ३४-३५ अंशांच्या आसपास होते. डिसेंबरच्या रात्री याच घरातल्या भिंती २० अंशांच्या जवळ असतात आणि माणसाचा उघडा पृष्ठभाग, कपड्यांसह सरासरी धरला तरी, त्यांच्यापेक्षा आठ-दहा अंशांनी उबदार असतो. नेहमीच्या तापमानांना दर अंशाच्या फरकामागे चौरस मीटरला सुमारे ६ वॅट इतका किरणोत्सर्गातला फरक पडतो. म्हणजे डिसेंबरमध्ये सेन्सरला ५०-६० वॅटांचा फरक मिळत होता, आणि मे महिन्याच्या रात्री जेमतेम ६ वॅटांचा, कधी शून्याचा.

मुलाच्या दुपारच्या प्रयोगाचे कोडेही येथेच सुटते. दुपारी भिंत ३९-४० अंशांपर्यंत चढते, तर घामामुळे माणसाची त्वचा ३५ अंशांच्या आसपास टिकून राहते. माणूस तेव्हा भिंतीपेक्षा थंड असतो. सेन्सरला फरक उबेचा आहे की गारव्याचा याच्याशी कर्तव्य नसते. उलट चिन्हाचा संकेतही त्याला पुरतो. म्हणून सर्वांत वाईट वेळ भर दुपारची नसून भिंत उतरता उतरता त्वचेच्या तापमानाशी जुळते ती असते, आणि विटांच्या जाड भिंतीच्या घरात ती नेमकी रात्रीच्या पहिल्या व दुसऱ्या प्रहरात येते. कोकणात किंवा पुण्यात हे सहसा अनुभवास येत नाही. त्यामुळे तिथल्या अनुभवावर लिहिलेल्या सूचना विदर्भात जशाच्या तशा उतरवून चालत नाहीत, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पडद्याला लागणारा दिवा

रात्री आपोआप लागणाऱ्या दिव्याचे कारण आजींच्या खोलीतल्या कूलरमध्ये सापडले. कूलर नीट चालायचा तर आत आलेली दमट हवा बाहेर पडायला वाट लागते, म्हणून विदर्भातल्या घरांत कूलरच्या खोलीचे दार उघडे ठेवून त्यावर नुसता पडदा सोडतात. कूलरच्या हवेने हा पडदा २७-२८ अंशांपर्यंत गार होत होता आणि त्याच हवेने पॅसेजच्या बाजूला फुगून पुन्हा मागे जात होता. त्याच्या मागे-पुढे ३५ अंशांची भिंत होती. सात-आठ अंशांचा फरक असलेला, दीड-दोन चौरस मीटरचा, सतत आडवा हलणारा पृष्ठभाग हा सेन्सरसाठी हिवाळ्यातल्या माणसाइतकाच ठळक होता. या घरात मे महिन्यात पडद्याला दिवा लागत होता आणि आजींना लागत नव्हता. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते.

जागेची निवडही प्रतिकूल होती. सेन्सर बाथरूमच्या दारावर, जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंचीवर, पॅसेजच्या लांबीकडे तोंड करून लावला होता. असा सेन्सर दिसायला नीटनेटका वाटतो आणि इलेक्ट्रिशियनला वायर ओढायलाही सोपा जातो, पण आजी खोलीतून निघून थेट त्याच्या दिशेने चालत येत. शिवाय त्यांची चाल मंद, पाऊल लहान. मुलगा झपाझप चालला की दिवा कधी तरी लागे, आणि म्हणून तपासणी करणाऱ्या प्रत्येकाला तो चालू असल्याचे वाटे. सेन्सरची चाचणी ज्या माणसासाठी तो बसवला आहे त्याच्याच चालीने आणि त्याच्याच वेळेला घ्यावी लागते. आम्ही पुढची प्रत्येक चाचणी रात्री, कूलर चालू ठेवून, आजींच्या नेहमीच्या चालीने घेतली, आणि त्या काळात मुलगा जवळच राहिला, मात्र सेन्सरच्या नजरेबाहेर.

पार्श्वभूमी बदलणे

सेन्सरची संवेदनशीलता वाढवणे हा पहिला मोह असतो. त्यावर तसा नॉब असतोही. येथे तो वाढवला असता तर पडद्याच्या हालचाली अधिकच उचलल्या गेल्या असत्या आणि आजींच्या बाबतीत फरक शून्य असल्याने काहीच साधले नसते. माणसाचे तापमान आपल्या हाती नाही; त्याच्यामागे काय दिसावे हे मात्र आपल्या हाती असते.

घर तळमजल्याचे असल्यामुळे त्याची फरशी जमिनीला टेकलेली आहे. ज्या रात्री भिंत ३६ अंशांवर होती त्या रात्री पॅसेजची फरशी ३१ अंशांच्या आसपास होती. सेन्सर छतावर बसवून त्याची नजर सरळ खाली फरशीवर ठेवली तर आजींचे डोके आणि खांदे तीन-चार अंशांनी गार असलेल्या पार्श्वभूमीवर दिसतात. हा फरक हिवाळ्याइतका नाही, पण पुरेसा आहे. शिवाय छतावरच्या सेन्सरखालून जाणारा माणूस कोणत्याही दिशेने गेला तरी पट्टे आडवेच ओलांडतो, म्हणजे दुसरी अडचणही त्याच बदलात सुटते. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा उपाय इतका लागू पडणार नाही, कारण तिथली फरशी खालच्या घराचे छत असते आणि जवळजवळ खोलीच्याच तापमानाला असते.

छताची उंची तीन मीटर आहे. छतासाठीच्या सेन्सरचे क्षेत्र एवढ्या उंचीवर सुमारे सहा मीटर व्यासाचे सांगितले जाते, परंतु कमी फरकात ते आक्रसते हे गृहीत धरून एकाऐवजी दोन सेन्सर घेतले. एक आजींच्या दारापासून दीड मीटरवर, दुसरा बाथरूमच्या दारापाशी. दोन्हींचे आउटपुट समांतर जोडून एकाच दिव्यांच्या ओळीला दिले, त्यामुळे कोणताही एक जागा झाला तरी पुरे. पहिल्या सेन्सरच्या भिंगाचा पडद्याकडचा भाग अपारदर्शक ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने आतून झाकला. झाकलेला भाग थोडाथोडा वाढवत नेला, आणि पडदा हलूनही दिवा लागेनासा झाला तिथे थांबलो. दिवा लागून राहण्याचा काळ दोन मिनिटांवर ठेवला.

भिंग पॉलिथिनचे असल्यामुळे त्यावर रंगाचा एक हातही पडला तर सेन्सर मंद होतो. दिवाळीपूर्वीच्या रंगकामात छत रंगवणारा कारागीर ती टोपी छताचाच भाग समजून तिच्यावरून रोलर फिरवू शकतो, म्हणून तेवढे दिवस तिला कागद बांधून ठेवण्याचे घरच्यांना सांगून ठेवले आहे. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे किडे भिंगावर बसले तर दिवा लागू शकतो. पाल मात्र थंड रक्ताची, भिंतीच्याच तापमानाची असल्याने ती भिंतीवरून गेली तर सहसा काही होत नाही. थेट भिंगावरून चालली तरच अडचण येते.

बाथरूम

बाथरूममधली तक्रार वेगळी होती आणि माझ्या दृष्टीने अधिक गंभीर. तिथला सेन्सर एका मिनिटाने दिवा बंद करीत असे. माणूस स्वस्थ बसला की पीआयआर सेन्सरच्या लेखी खोली रिकामी असते. आजी आत बसलेल्या असताना दिवा जाई आणि त्या अंधारात हात हलवून तो पुन्हा लावण्याचा प्रयत्न करीत. ओल्या फरशीवर, अंधारात, वृद्ध व्यक्तीने उठून हात वर करणे हे ज्या पडण्याला टाळण्यासाठी सेन्सर लावला त्यालाच आमंत्रण देणारे आहे. उन्हाळ्यात तर हात हलवूनही दिवा लागत नसे.

येथे पीआयआर काढून २४ गिगाहर्ट्झवर चालणारा रडार प्रकारचा उपस्थिती सेन्सर बसवला. हा स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींतून हालचाल मोजतो, त्यामुळे त्याला तापमानाशी देणेघेणे नसते आणि श्वासाबरोबर होणारी छातीची हालचालही तो टिपू शकतो. त्याचे दुखणे उलट आहे: त्याला फार दिसते. लाकूड, प्लास्टिक, पातळ पार्टिशन यांतून त्याच्या लहरी आरपार जातात. पीव्हीसीच्या दारापलीकडे पॅसेजमधून जाणारा नातूही बाथरूमचा दिवा लावू लागला. या सेन्सरचा पल्ला ०.७५ मीटरच्या टप्प्यांनी कमी-जास्त करता येतो. तो तीन टप्प्यांवर, म्हणजे २.२५ मीटरवर आणला आणि सेन्सर दाराकडे पाठ येईल असा लावला. एक्झॉस्ट फॅनची फिरती पातीही त्याला माणसासारखीच भासतात, म्हणून फॅन त्याच्या समोर येणार नाही याची दक्षता घेतली. दिवा बंद होण्याची मुदत पाच मिनिटे ठेवली आणि त्याहून कमी करू नये असे निक्षून सांगितले.

प्रत्येक सेन्सरला समांतर एक साधे बटण ठेवले आहे. ते दाबले की सेन्सर काहीही म्हणत असला तरी दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. पॅसेजचे हे बटण आता हॉलमध्ये नसून आजींच्या पलंगाशेजारी, उशीपासून हात पोचेल इतक्या अंतरावर आहे. सेन्सरच्या मालिकेत बटण जोडणे ही चुकीची पद्धत मला अनेक घरांत आढळते: बटण कोणी बंद केले की सेन्सर मेला, आणि सेन्सर मेला की बटणाचा उपयोग नाही.

जोडणीबाबत एवढेच सांगतो की दोन वायरींचे, न्यूट्रल न घेणारे सेन्सर मी टाळले. ते स्वतःला लागणारा प्रवाह दिव्यातूनच घेतात, आणि कमी वॅटचा एलईडी त्यामुळे बंद असतानाही मंद जळत राहतो किंवा लुकलुकतो. आपल्याकडे बहुतेक बोर्डांत ५ अँपिअरचे सॉकेट असल्याने न्यूट्रल तिथे उपलब्ध असते. सारे काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे घेतले. पॅसेज आणि बाथरूमची लाइन इन्व्हर्टरवर टाकली, कारण उन्हाळ्यात रात्रीच वीज जाते. वीज परत आल्यावर पीआयआर सेन्सरला स्थिरावायला सुमारे एक मिनिट लागते आणि तेवढा वेळ दिवा लागलेला राहू शकतो. हा बिघाड नव्हे.

किती आणि कसला उजेड

सेन्सर नीट चालू लागल्यावर दिव्याचा प्रश्न पुढे आला. पॅसेजमध्ये आधी छताला ९ वॅटचा पांढरा एलईडी होता. मध्यरात्री अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो एकदम पडला की आजी क्षणभर थबकून डोळे मिटत. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते आणि नेत्रमणी पिवळसर पडतो. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यामुळे वृद्धांना उजेड अधिक लागतो आणि झगमगाट मात्र तरुणांपेक्षा अधिक जाचतो. यातून वाट काढण्यासाठी छताचा दिवा सेन्सरवरून काढून टाकला आणि भिंतीत, फरशीपासून सुमारे एक फुटावर, खाली प्रकाश टाकणारे दीड वॅटचे दोन फूट लाइट बसवले. त्यांचा रंग ३००० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर आहे. निळसर प्रकाश रात्री मेलॅटोनिन या झोपेच्या संप्रेरकाला दाबतो आणि परत झोप लागणे अवघड करतो. पाऊल जिथे पडते ती जागा उजळते, डोळ्यांत मात्र दिवा येत नाही.

मग अर्ध्या वॅटचा झिरोचा एलईडी बल्ब रात्रभर लावून ठेवला असता तर काय बिघडले असते, असा रास्त प्रश्न सुनेने विचारला. विजेच्या हिशेबाने काहीच नाही. झिरोचा बल्ब सोडाच, आधीचा ९ वॅटचा दिवाही रोज दहा तास जळला तर महिन्याला २.७ युनिट होतात. तोच सेन्सरवर रोज अर्धा तास जळला आणि सेन्सर स्वतः सतत अर्धा वॅट घेत राहिला, तर दोन्ही मिळून सुमारे अर्धे युनिट होते. युनिटला १० रुपये धरले तरी बचत महिन्याला बावीस-तेवीस रुपयांची. जिथे तरुण माणसेच राहतात आणि पॅसेज मोकळा असतो तिथे मी झिरोचाच बल्ब सुचवतो. येथे सेन्सरची बाजू विजेच्या बिलावर उभी नाही. झिरोच्या बल्बच्या उजेडात आजींना चपलांचा स्टँड दिसत नव्हता हे आम्ही त्यांना विचारून, त्यांच्यासमोर तपासले होते. स्टँडही तिथून हलवला, हे सांगायला नकोच.

पोर्च

फाटकाजवळच्या सेन्सरपुढे लोखंडी फाटक, त्यामागे डांबरी रस्ता आणि वर कडुनिंबाच्या फांद्या येत होत्या. दिवसभर तापलेले लोखंड आणि डांबर रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते, आणि त्यांच्यापुढे हलणाऱ्या फांद्या सेन्सरला अखंड संकेत पुरवत राहतात. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी, तिच्या गरम इंजिनामुळे, दुरूनही टिपली जाई. भिंग झाकून पाहिले तर फाटकातून आत येणारा माणूसही वगळला जात होता. येथे मोशन सेन्सर ठेवण्यात अर्थ नव्हता. तो काढून त्या जागी अंधार पडला की लागणारा आणि उजाडले की बंद होणारा फोटोसेल बसवला, ५ वॅटचा दिवा दिला, आणि काढलेला सेन्सर चांगला असल्याने मागच्या कोठीच्या खोलीत लावला. तिथे माणूस दोन्ही हातांत डबे घेऊन येतो, मिनिटभरात परत जातो, आणि खोलीला बाहेरची एकही भिंत नाही.